शिकण्याचा अर्थ लिहून घेणारी

उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर दोन चौकटी असतात. वरची मोठी, परीक्षार्थीच्या नावाची. खालची बारकी, बहुतेकांच्या पत्रिकेवर कोरीच राहणारी: ‘लेखनिक असल्यास त्याचे नाव’. त्या खालच्या चौकटीत मावशीचं नाव छत्तीस वर्षांत दोनशे अकरा वेळा आलं. वरच्या चौकटीत एकदाही नाही. हा आकडा तिने कुठे लिहून ठेवलेला नव्हता. विचारलं की तोंडावर असायचा, आणि न विचारताही ती तो सांगायचीच.

ज्यांना दिसत नाही त्यांनी उत्तर सांगायचं आणि दुसऱ्या कुणीतरी ते लिहायचं, त्या दुसऱ्याला लेखनिक म्हणतात. काम ऐकायला सोपं वाटतं, पण नियम वाचले तर माणूस घाम पुसत बसेल. प्रश्न वाचून दाखवायचा, दोनदा, सारख्याच आवाजात. परीक्षार्थी सांगेल तेच लिहायचं. त्याने चूक सांगितलं तर चूक लिहायचं, आणि तेही वळणदार अक्षरात. भुवई उडवायची नाही, सुस्कारा सोडायचा नाही, पेन थबकू द्यायचं नाही, कारण न दिसणाऱ्या माणसाला पेन थबकलेलं बरोबर ऐकू येतं. शेवटची दहा मिनिटं राहिली की सगळं पहिल्यापासून वाचून दाखवायचं. पेपर सुरू होताना पहिलं वाक्य ठरलेलं, “पूर्ण नाव सांगा.” समोर सख्खा भाऊ बसला असला तरी.

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा निदान एक इयत्ता खाली शिकलेला हवा, म्हणजे तो हळूच बरोबर उत्तर घुसवणार नाही. नियम करणाऱ्याने डोकं चालवलं होतं यात शंका नाही. पण त्याचं डोकं जिथे थांबलं तिथून मावशीची गोष्ट सुरू होते. दहावीला बसणाऱ्या मुलांसाठी लिहायचं तर लेखनिक नववीच्या पुढे गेलेला चालत नव्हता, आणि मावशी नववी पास होती.

मावशी हे तिला मुलांनी दिलेलं नाव. एरवी ती एका शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर, डोळ्याला चष्मा, हातात सुई, दिवसाला अमुक इतके शर्ट. परीक्षेचा हंगाम आला की मालकाकडे रजेचा अर्ज जायचा आणि मालक दरवर्षी तोच विनोद करायचा, “जा बाई, पास होऊन या.” ती दरवर्षी हसायची. पहिली दोन-तीन वर्षं ते हसू खरं होतं.

परीक्षेत लेखनिकांना मोठ्या दालनात बसू देत नाहीत, बोलण्याचा इतरांना त्रास होतो म्हणून. त्यांना खेळाच्या सामानाची खोली मिळायची. कोपऱ्यात गुंडाळलेली जाळी, हवा गेलेले चेंडू, भिंतीला टेकवलेले उंच उडीचे खांब आणि मध्ये दोन बाकं. परीक्षार्थी तिच्या डाव्या हाताला बसायचा, म्हणजे उजवा हात लिहायला मोकळा आणि डावा कान त्याच्याकडे. पेपर संपला की ती डावं कोपर पुढे करायची, मुलगा ते धरायचा, आणि दाराशी आल्यावर ती म्हणायची, “उंबरा आहे.” त्या खोलीचा उंबरा चांगला वीतभर होता. आंधळ्या मुलांच्या खोलीला एवढा उंबरा ठेवणाऱ्यालाही कुठल्या तरी नियमात बसवायला हवं होतं.

या सगळ्याची सुरुवात झाली दादापासून.

दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. लहानपणच्या तापात त्याची नजर गेली, बाकी सगळं शाबूत राहिलं, विशेषतः जीभ. तो अखंड बोलायचा आणि ती अखंड वाचायची. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत त्याची हाक यायची, “चिमणे, वाच.” मग त्याचा धडा, त्याच्या कविता, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मागची बाजू, डब्याला गुंडाळून आलेला कागदाचा तुकडा. तिला स्वतःचा अभ्यास असतो ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षातच यायची नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याही नाही. तिला वाचायला आवडायचं. दादाला वाचून दाखवलं की तो ते घोळवून घोळवून परत सांगायचा, आणि तो सांगायला लागला की तिला वाटायचं, हे आपण वाचलं त्यापेक्षा चांगलं झालं.

ती नववी पास झाली त्या वर्षी तो दहावीला बसला. लेखनिक कोण? घरातच होती. सगळे विषय सुटले, गणित राहिलं. भूमितीत तो सांगायचा, “एक रेघ काढ. तिच्या डाव्या टोकाला कोन कर.” किती अंशांचा ते सांगताना चुकायचा. तिला बरोबर कोन माहीत असायचा आणि ती चुकलेला कोन काढायची. दादा तीन गुणांनी गेला. वडील तिला म्हणाले, “या वर्षी तू दहावीला बसू नकोस. त्याचं गणित सुटू दे, मग तू आहेसच.” ती हो म्हणाली. पुढच्या वर्षी गणित पुन्हा राहिलं, चार गुणांनी.

तिसऱ्या खेपेला त्याच प्रश्नावर, त्याच कोनावर, दादा चुकीचा आकडा बोलला आणि तिला खोकला आला. दादा म्हणाला, “थांब. खोड ते. साठ नव्हे, तीस.” पर्यवेक्षकाने मान वर करून पाहिलं, पण खोकल्यावर बंदी घालणारा नियम अजून कुणाला सुचला नव्हता. दादा पास झाला. तो खोकला खरा होता की खोटा, हे तिने आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही, आणि दादाने आयुष्यभर विचारलं नाही. त्यानंतर मात्र तिने तोंडाला असं कुलूप घातलं की पुन्हा कधी, कुणासाठी, साधा घसासुद्धा साफ केला नाही.

आता तिची पाळी होती. पण त्याच उन्हाळ्यात दादाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. दहावीला चार मुली होत्या आणि लेखनिक तीनच मिळाले होते. शिकलेल्यांना नियम येऊ देत नव्हता आणि न शिकलेल्यांना लिहिता येत नव्हतं. “एवढं एक वर्ष,” त्या म्हणाल्या, “तुझ्यासारखं अक्षर मी पाहिलं नाही गं.” दादाने वर पुस्ती जोडली, “बस की, चिमणे. पुढच्या वर्षी तू.” त्या चौघी पास झाल्या. पुढच्या वर्षी सहाजण होते आणि लेखनिक पुन्हा एक कमी. मग वडिलांनी तिला कारखान्यात लावलं, आणि पुढचं वर्ष हे दरवर्षी पुढेच सरकत राहिलं.

दादा शिकत गेला. पदवीला तिनेच लिहिलं, त्याच्या पुढच्या परीक्षेलाही तिनेच. त्या शेवटच्या परीक्षेतला एक प्रश्न तिच्या काळजात जाऊन बसला. तिथेही खेळाच्या सामानाचीच खोली मिळाली होती, उकडत होतं, जाळ्यांचा कुबट वास येत होता. तिने प्रश्न दोनदा वाचून दाखवला, ‘शिकणे या शब्दाची व्युत्पत्ती सांगून त्याचा अर्थ स्पष्ट करा.’ दादाने बोटं बाकावर वाजवली. तो खुशीत आला की वाजवायचा.

“लिही. ‘शिकणे’ हे क्रियापद संस्कृत ‘शिक्ष्’वरून, प्राकृतातल्या ‘सिक्ख’च्या वाटेने मराठीत आले, पूर्णविराम. ‘शिक्ष्’ हे मुळात ‘शक्’ या धातूचे इच्छादर्शक रूप मानले जाते, पूर्णविराम. ‘शक्’ म्हणजे करता येणे. शक्ती, शक्य हे शब्द त्याच घरातले, पूर्णविराम. म्हणून शिकणे म्हणजे करता येणे नव्हे, स्वल्पविराम, करता यावे अशी इच्छा करणे, पूर्णविराम.”

तिचं पेन थबकलं.

“लिहिलंस?” दादाने विचारलं. एवढं विचारायची परवानगी होती.

“हो,” ती म्हणाली, आणि मग लिहिलं.

परतताना दादाचा हात तिच्या कोपरावर होता. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ती एकदम म्हणाली, “म्हणजे ज्याला येतं तो शिकत नाही?”

“नाही. त्याचं शिकून झालं.”

“ज्याला येत नाही पण यावंसं वाटतं, तो शिकतोय?”

“मुळात तरी तसंच.”

“नुसतं वाटलं तरी?”

“शब्द तसं म्हणतो,” दादा म्हणाला. “आणि शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या मनात ती इच्छा उत्पन्न करणं. हे मी लिहायला सांगितलं नाही, वेळ नव्हता.”

“आणि शिक्षा?”

“तीही त्याच घरातली.”

“तरीच,” ती म्हणाली, आणि दादा इतका हसला की रस्त्यातली माणसं वळून पाहायला लागली.

पण तिने ते उत्तर घरी नेलं आणि जपलं. काजं करताना ती ते मनात म्हणायची. सुई आत, सुई बाहेर, शिकणे म्हणजे करता यावे अशी इच्छा करणे. त्या हिशेबाने ती कुठे मागे पडली होती? इच्छा तर तिला कुणापेक्षाही जास्त होती. दरवर्षी ती दहावीचे पेपर घरी आणायची, पलंगाखालच्या पेटीत ठेवायची, आणि काजांच्या टेबलावर बसून सगळे प्रश्न मनातल्या मनात सोडवायची. इतिहास तिला तोंडपाठ होता. व्याकरणात तिचा हात कुणी धरू शकला नसता. मुलं चुकीची उत्तरं सांगायची, आणि ती ती चुकीची उत्तरं सुबक अक्षरात, एकही खाडाखोड न करता उतरवायची. तपासणारे मास्तर म्हणायचे, या बाईने लिहिलेलं चुकलेलं उत्तरसुद्धा कापवत नाही.

दादा पुढे कॉलेजात भाषा शिकवायला लागला. लग्न झालं, मुलगी झाली. एक दिवस तो स्वतःच म्हणाला, “चिमणे, बस झालं आता. त्या मुलांना दुसरं कुणी मिळेल. तू दहावीला बस. मी शिकवतो. दर रविवारी दहा वाजता.” त्या रविवारी ती नवी वही घेऊन गेली. कव्हर घातलेली, नाव घातलेली. दादा खुर्चीत तयार होता.

“भूमितीपासून करू,” तो म्हणाला. “तुझीच रड काढून टाकू आधी.”

“माझी नाही, तुझी.”

“बरं, आपली. पण आधी एवढं पत्र लिही ना. दोन ओळींचं.”

दोन ओळींचं पत्र दोन पानांचं झालं. मग कुणाच्या लेखावरचं टिपण निघालं. मग वहिनीने जेवायला हाक मारली. पुढच्या रविवारी दादाने आठवणीने विचारलं, “भूमिती ना?” आणि मग, “आधी एवढं पत्र.” तो तिला फसवत नव्हता. त्याला खरोखरच प्रत्येक वेळी वाटायचं की पत्र दोनच ओळींचं आहे. आणि तिला नाही म्हणता यायचं नाही, कारण तो सांगायला लागला की तिचा हात आपसूक चालायला लागायचा. बावीस वर्षांचे रविवार असे गेले. ती नवी वही दादाच्या पत्रांच्या कच्च्या मसुद्यांनी भरली. वहिनी कधीतरी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, शिकवा की तिला!” आणि दादा म्हणायचा, “शिकवतोय, शिकवतोय.”

तिचा त्याच्यावर राग होता का? होता. आणि रविवारी दहा वाजायची ती शुक्रवारपासून वाट बघायची, हेही तितकंच खरं.

गेल्या थंडीत दादा गेला. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या आधीच्या रविवारी निघताना त्याने तिचा हात धरून ठेवला होता आणि म्हणाला होता, “पुढच्या रविवारी नक्की भूमिती. पत्रबित्र काही नाही.”

तो गेल्यावर दीड महिन्याने शाळेत एक परिपत्रक आलं. नव्या मुख्याध्यापकांनी तिला बोलावून हातात दिलं. दोन ओळींचं होतं. दादाच्या नव्हेत, खरोखरच्या दोन ओळी. लेखनिकासाठी शैक्षणिक पात्रतेची अट यापुढे राहणार नाही, कुणीही चालेल. तिने ते दोनदा वाचलं, सवयीने, सारख्याच आवाजात. मुख्याध्यापक म्हणाले, “बरं झालं ना, मावशी? आता माणसांची चणचण नाही.” ती हो म्हणाली. बाहेर येऊन खेळाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि तिला हसू यायला लागलं. ते हसू मध्येच कधी बदललं ते तिला कळलं नाही. शिपायाने पाणी आणून दिलं.

भाची त्या संध्याकाळीच आली. दादाची मुलगी, त्याच्यासारखीच बोलभांड. तिने पिशवीतून दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. “आत्या, सही कर. बाकीचं मी भरलंय. आणि पुढच्या वर्षी म्हणालीस तर मी इथेच उपोषणाला बसेन.”

“या वयात?”

“माझं की तुझं?”

आत्याने सही केली. भाचीने विचारलं, “भीती वाटते का गं?” मावशी म्हणाली, “उत्तरं सगळी येतात मला. भीती कसली?” पण होती. छत्तीस वर्षं ज्या गोष्टीची आस धरली ती हातात आली आणि आपल्याला जमलीच नाही तर पुढे कशाची आस धरायची, ही ती भीती. एवढं लांबलचक तिला सांगता आलं नाही, म्हणून तिने भाचीला चहा केला.

रजेचा अर्ज गेला. मालक म्हणाला, “जा बाई, पास होऊन या.” “बघते,” मावशी म्हणाली. मालक विनोदाच्या पुढच्या भागासाठी थांबला, पण पुढे काही आलं नाही.

पहिला पेपर भाषेचा. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्या दालनात बसली. उंच खिडक्या, बाकांच्या रांगा, आजूबाजूला पंधरा वर्षांची मुलं, हातांवर शाईचे डाग आणि चेहऱ्यावर फाशी जाहीर झाल्याची कळा. मागच्या मुलीने विचारलं, “मावशी, तुम्ही सुपरवायझर का?” पर्यवेक्षक खरी एक तरुण बाई होती, नव्यानेच लागलेली. तिने उत्तरपत्रिका वाटल्या, मावशीने पहिलं पान भरलं, घंटा झाली, प्रश्नपत्रिका आल्या.

मावशीने पहिला प्रश्न वाचला. मोठ्याने, सावकाश, सारख्या आवाजात. दोनदा. सगळं दालन तिच्याकडे बघायला लागलं.

“अहो, मनात वाचा,” पर्यवेक्षक बाई जवळ येऊन म्हणाल्या.

“चुकलं,” ती म्हणाली. मग तिने पेन उचललं, टोक कागदावर टेकवलं आणि मान जराशी डावीकडे कलती केली. तिच्या डाव्या बाजूला भिंत होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. सगळीकडे पेनांची खरखर चालू होती, एकटं तिचंच पेन गप्प होतं. उत्तर तिला येत होतं. ते उत्तर तिने कितीतरी वेळा लिहिलं होतं, चुकीचं आणि बरोबर, कोवळ्या आवाजांतलं आणि घोगऱ्या आवाजांतलं. पण हाताला हुकूम आल्याशिवाय हात हलत नव्हता, आणि हुकूम द्यायला कुणी नव्हतं. एवढे दोनशे अकरा पेपर तिच्या कानातून गेले, त्यातला एकही आवाज बोलायला तयार नव्हता. आपण या वयात इथे तमाशा करायला आलो, असं तिला वाटलं, आणि उठून जावं असंही वाटलं.

वीस मिनिटांनी पर्यवेक्षक बाई परत आल्या. पहिल्या पानावरचा क्रमांक तपासून त्यांनी घाईने सही केली. “काही अडचण आहे का?”

“नाही. वाट बघतेय.”

“कशाची?”

मावशीने मान पुन्हा डावीकडे कलती केली. बाई पुढे गेल्या. तेव्हा मावशीला खोकला आला. छत्तीस वर्षांतला दुसरा. खरा की खोटा, हे याही वेळी कुणी विचारलं नाही. खोकला थांबला तशी ती ओठातल्या ओठात, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटली, “चिमणे, लिही.”

हात चालू लागला. मग तो थांबलाच नाही. पहिला प्रश्न, दुसरा, उताऱ्यावरची उत्तरं, व्याकरण. ती ओठांनी सांगत होती आणि बोटांनी लिहून घेत होती, पूर्णविराम, स्वल्पविराम, सगळं दादाच्या पद्धतीने. मध्ये एकदा “लिहिलंस?” असंसुद्धा विचारून झालं. “हो.” अक्षर नेहमीसारखं, एकही खाडाखोड नाही. आणि तरी तिला आतून कळत होतं की हे दोनशे बारावं आहे, पहिलं नव्हे. उत्तरं दादाची होती, वाक्यं दादाची होती. ती अजून खेळाच्या खोलीतच बसली होती.

शेवटी निबंध आला. तीन विषय होते, तिने तिसरा घेतला, ‘मला काय शिकायला आवडेल?’

तिने लिहिलं, ‘मला पोहायला शिकायला आवडेल.’ लिहिता लिहिता तिला आठवलं, हे त्या उंच मुलाचं, अकरा-बारा वर्षांपूर्वीचं. तिने ओळ खोडली. खोडलेल्या ओळीकडे ती बघत राहिली, कारण स्वतःहून काही खोडायची तिची ही पहिलीच वेळ होती. मग लिहिलं, ‘मला गाणं.’ ते दोन वेण्यांच्या मुलीचं होतं. खोडलं. तिसरं वाक्य, चौथं वाक्य, सगळी कुणाकुणाची, तिच्याकडे ठेवायला दिलेली. पान गिचमीड झालं. मग दादाचं वाक्य आलं, ते मात्र तिने न बिचकता लिहिलं. ‘शिकणे म्हणजे करता यावे अशी इच्छा करणे.’ पूर्णविराम.

ती पुढच्या वाक्यासाठी थांबली. ते आलं नाही. दादाला वेळ नव्हता.

मग तिने लिहिलं, आणि या वेळी तिचे ओठ हलले नाहीत.

‘हे उत्तर माझ्या भावाचं आहे. त्याला त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, पण मला ते पुरं वाटत नाही. नुसती इच्छा मी छत्तीस वर्षं केली. त्याला शिकणं म्हणत नाहीत दादा, त्याला वाट बघणं म्हणतात. शब्द कुठून आला ते तू मला सांगितलंस, पण तो पुढे कुठे जातो ते सांगायला तू बसला नाहीस. तू मला दर रविवारी पत्रं सांगितलीस. मला भूमिती हवी होती. मला अजून भूमिती हवी आहे, आणि ती मी शिकेन, कुणाकडूनही शिकेन. पण तू पुढच्या रविवारी दहा वाजता यावंस असं मला अजून वाटतं. पत्र असलं तरी चालेल.’

निबंध केवढा असावा याची मर्यादा प्रश्नपत्रिकेत दिली होती. हा त्यात बसत होता की नाही ते तिने पाहिलं नाही. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा तिने पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलं, मनात, डावीकडे मान करून. निबंधाशी आल्यावर तिला डोळे पुसावे लागले. त्यात दोन ठिकाणी शुद्धलेखनाची चूक होती. ती तिने दुरुस्त केली.

घंटा झाली. पर्यवेक्षक बाई पत्रिका गोळा करत आल्या आणि तिच्या बाकापाशी थबकल्या.

“मावशी, हे काय केलंत? परीक्षार्थीची चौकट कोरी आहे. आणि तुम्ही तुमचं नाव लिहिलंय लेखनिकाच्या जागी. भरा, भरा लवकर.”

मावशीने पाहिलं. खरंच. सकाळी हाताने त्याची नेहमीची जागा धरली होती. तिने पेन उघडलं आणि वरच्या मोठ्या चौकटीवर आणलं, पण ते तिथे टेकेना. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

“पूर्ण नाव सांगा,” मावशी हळूच म्हणाली. आणि सांगितलं. आणि लिहिलं.

“आता खालचं खोडा,” बाई म्हणाल्या.

“राहू दे ना. लिहिलंय मीच.”

बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आग्रह धरला नाही. पत्रिका गठ्ठ्यात गेली. मुलं उत्तरं ताडून बघत, भांडत, धक्के देत बाहेर पडत होती. मावशीने पेनाला टोपण लावलं, पिशवी घेतली आणि ती त्यांच्या मागून निघाली. दाराबाहेर भाची हात हलवत उभी होती. मोठ्या दालनाचा उंबरा इवलासा होता, असून नसल्यासारखा. त्याच्यापाशी आल्यावर मावशीने डावं कोपर पुढे केलं, पाऊल जरा धीमं केलं आणि म्हणाली, “उंबरा आहे, दादा.”